तारापूरच्या गिरण्यांवरचा स्टॅनफर्डचा अभ्यास आमच्या २४ मागांना लागू पडेल का?

प्रश्न: रेपियरवाला, इचलकरंजी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण गेले दोन महिने हा विषय डोक्यातून जात नाही.

माझा इचलकरंजीत २४ रेपियरचा, म्हणजे बिनधोट्याच्या मागांचा, कारखाना आहे. वडिलांनी १९८१ साली चार साध्या मागांवर सुरुवात केली. तेव्हा आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्ही नुसते मजुरीवर विणून देणार. २०११ ला साधे माग भंगारात घातले आणि जुने रेपियर घेतले. आता निम्मं काम स्वतःच्या सुताचं, निम्मं मजुरीचं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवाणजी धरून ३१ माणसं. घरचा म्हणाल तर मी एकटा. धाकटा भाऊ बेंगळुरूला नोकरीत रमलाय. मला दोन मुली.

थोरली पुण्यात एमबीए करते. दिवाळीला आली ती एक शोधनिबंध छापून घेऊनच. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, तिथल्याच बिझनेस स्कूलचे जॉन रॉबर्ट्स, अप्रजित महाजन, बेन आयफर्ट आणि जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी यांचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेला. मी म्हटलं, बाळा, अमेरिकेतल्या लोकांना आपल्या धंद्यातलं काय कळणार. तर म्हणाली, "पप्पा, हे तारापूर आणि उंबरगावचं आहे. सुती कापड विणणाऱ्यांचं." मग मी चष्मा शोधला.

रोज रात्री जेवणं झाल्यावर ती थोडं थोडं वाचून सांगायची. १७ कंपन्या घेतल्या, सगळ्या घरच्या मालकीच्या, सरासरी २७० च्या आसपास कामगार असलेल्या. म्हणजे आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. २००८ पासून त्यातल्या काहींना आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं पाच महिने फुकट दिली. त्यांनी ३८ गोष्टी बघितल्या: कापडातले दोष रोज लिहिले जातात का, माग बंद पडायच्या आधी देखभाल होते का, सुताचा साठा मोजलेला आहे का, हत्यारं जागेवर आहेत का, अशा. नवीन यंत्र एकही दिलं नाही. आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

माझा विश्वास बसला नाही. मी तिला म्हटलं, आपले माग ८५ टक्के एफिशियन्सीला चालतात, म्हणजे शंभरातली ८५ मिनिटं चालूच, आणखी काय वाढणार? हे मी कायमच सांगत आलोय, व्यापाऱ्यालाही आणि बँकेलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन ७ नंबरच्या मागासमोर स्टूल टाकून बसली. पूर्ण पाळीभर. डबाही तिथंच खाल्ला. माग थांबला की वेळ लिहायची, चालू झाला की वेळ लिहायची, आणि का थांबला ते विणकराला विचारून लिहायची. संध्याकाळी सातला वही माझ्यासमोर ठेवली. माग ४१ वेळा थांबला होता. १२ तासांतले १७० मिनिटं उभा. ४१ पैकी २६ वेळा ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला होता, आणि त्या २६ पैकी १९ वेळा डाव्या काठाकडचाच. एकदा तर माग सलग ३८ मिनिटं बंद होता, आणि त्याचं कारण तिनं लिहिलं होतं: "जॉबर १९ चा पाना शोधत होते." जॉबर म्हणजे आमचा मागदुरुस्तीवाला.

म्हणजे ७६ टक्के. त्या मागासमोरून मी दिवसात वीस वेळा जातो. डावा काठ तुटतोय हे मला दिसलं नव्हतं.

आता माझे प्रश्न. एक, हे टिकतं का? मुलगी जानेवारीत परत पुण्याला जाणार, मग वही कोण लिहिणार? दोन, त्या निबंधातली एक गोष्ट मला फार लागली. त्यात म्हटलंय की कंपनी किती मोठी होणार हे कारभार किती चांगला यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती यावर जास्त ठरत होतं. घराबाहेरचा एकही माणूस संचालक नव्हता. हे वाचताना मुलगी थांबली आणि मीही काही बोललो नाही. गेली पंधरा वर्षं नातेवाईक मला हेच सांगतायत, मुलगा नाही तर पसारा वाढवू नकोस. ज्यांनी हा अभ्यास नीट वाचलाय किंवा त्या भागात काम केलंय, त्यांनी कृपया लिहावं.

उत्तर १: अर्थशास्त्राची शिक्षिका, पुणे

रेपियरवाले दादा, तुमच्या मुलीनं स्टूल टाकून बसायचं ठरवलं, तिथंच अर्धं काम झालंय. हा निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवते, म्हणून थोडं अधिकारानं लिहिते.

आधी १७ टक्क्यांबद्दल. हा आकडा भरवशाचा आहे, कारण तुलना नीट केलीय. सल्ला मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या कंपन्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या होत्या. ११ कंपन्यांना पूर्ण मदत मिळाली. उरलेल्या ६ कंपन्यांकडेही सल्लागार गेले, पण फक्त महिनाभर, पाहणीपुरते. त्यामुळे "कुणीतरी बघतंय म्हणून कामगार जोरात लागले" असं म्हणायला फारशी जागा उरत नाही, बघत तर दोन्हीकडे होते. आणि तीन वर्षांत मदत मिळालेल्या कंपन्यांनी नवीन कारखानेही जास्त काढले.

मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो "आधी का नाही केलं" हा. पैसा नव्हता म्हणून नाही. कामगार ऐकत नाहीत म्हणूनही नाही. काही गोष्टी मालकांनी ऐकल्याच नव्हत्या, आणि ज्या ऐकल्या होत्या त्या आपल्याला फायद्याच्या ठरतील असं वाटत नव्हतं. आपलं कापड शेजारच्याइतकं चांगलं आहे ना, मग दोष मोजायचे कशाला, असा विचार. तुमचे ८५ टक्के त्याच जातीचे होते, राग मानू नका. तुम्ही खोटं बोलत नव्हता, मोजलं नव्हतं एवढंच.

टिकतं का, याचं उत्तर त्याच लोकांनी शोधलंय. २०१७ साली, म्हणजे आठ-नऊ वर्षांनी, ते त्याच कारखान्यांत परत गेले आणि २०२० मध्ये त्यावर दुसरा निबंध आला. लावलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. तरीही मदत मिळालेले कारखाने न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत त्या सवयी आपोआप पसरल्या होत्या, पण शेजारच्या मालकाकडे फारशा गेल्या नव्हत्या, भिंतीला भिंत असली तरी. सुटल्या त्या का सुटल्या? सर्वांत जास्त सांगितलेल्या कारणांपैकी दोन अशी: व्यवस्थापक बदलला आणि मालकाला वेळ राहिला नाही.

म्हणून वही कोण लिहिणार याच्याआधी एक विचारते. लिहिलेली वही रोज कोण वाचणार?

उत्तर २: निवृत्त वीव्हिंग मास्टर, बोईसर

मी २००३ ते २०१६ तारापूर एमआयडीसीत एका विणाई गिरणीत होतो. आमची गिरणी त्या अभ्यासात नव्हती, पण आमच्याकडेही मालकांनी पैसे मोजून एक सल्लागार आणला होता. मॅडमनी शेवटी जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय.

रोज सकाळी साडेनऊला आम्ही टेबलाभोवती उभे राहायचो. बसायचं नाही, खुर्च्याच नव्हत्या. आदल्या दिवशीच्या चेकिंगमधला सर्वांत वाईट तागा टेबलावर पसरायचा. डबल पिक असेल, तेलाचा डाग असेल, पट्टा असेल, ज्या मागावरचा असेल त्याचा जॉबर बोलायचा. मालक ऐकायचे. दहा मिनिटांत सगळे कामाला. सहा महिन्यांत दुरुस्तीच्या टेबलावरच्या बायका १४ वरून ९ वर आल्या, बाकीच्यांना पॅकिंगला घेतलं.

मग मालकांनी दुसरा कारखाना काढला आणि सकाळी तिकडे जायला लागले. वही चालूच होती, सह्या होत होत्या. एका शनिवारी मी सहज पानं चाळली. सोमवार ते शनिवार सगळे आकडे एकाच पेनाचे, एकाच दाबाचे. दोष रोज बाराच्या आसपास. कुणीतरी शनिवारी दुपारी बसून आठवडा भरला होता. त्या पोरालाही मी दोष देत नाही. आठवडाभर कुणी विचारलंच नाही तर तो तरी रोज का लिहील?

दुसरी गोष्ट, आणि ही मनापासून सांगतो. मालक तिकडे जायला लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की वहीत आकडा आहेच तर त्यावरून जॉबरचा पगार कापू. त्या दिवसापासून वही मेली. दोष होते तेवढेच, पण वहीत यायचे बंद झाले. मला स्वतःला खाली मान घालून लोकांना सांगावं लागलं की यापुढे कापणार नाही, पण एकदा गेलेला विश्वास परत आला नाही. तुम्ही पहिलं वर्षभर त्या वहीवरून कुणालाही एक रुपया दंड करू नका. हे कागदावर लिहून मागाशेजारी लावा.

डाव्या काठाचं सांगायचं तर १९ वेळा एकाच बाजूला ताणा तुटतोय म्हणजे विणकराचा हात नाही. आधी बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, बघा, सायझिंगहून (खळ लावून) आलेल्या बीमची डावी फ्लँज, म्हणजे कडेची तबकडी, हललेली असते, काठाचे धागे सैल होतात. ती बरोबर असेल तर त्या बाजूचा टेंपल, म्हणजे कापडाचा काठ ताणून धरणारा भाग, आणि ताणा ओवलेल्या फणीची टोकाची घरं बोटानं चाचपा, खरखर लागेल.

उत्तर ३: मालेगावहून

वर चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण मला वेगळं वाटतं. १७ कंपन्यांवरून साऱ्या धंद्याचं ठरवायचं का? आणि त्या २७० कामगारांच्या. आमच्याकडे घरटी आठ-बारा साधे माग. सुताचा भाव सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा. कापड गेलं की व्यापाऱ्याचं पेमेंट तीन-तीन महिने नाही. विजेचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला. माग ७६ टक्के चालला काय आणि ८५ टक्के चालला काय, भावच पडला तर जास्त विणलेलं कापड जास्त तोटा देतं. गेल्या वर्षी मी चार महिने एक पाळी बंद ठेवली ती पाना सापडत नव्हता म्हणून नाही.

मी विरोधासाठी विरोध करत नाही. इथं प्रत्येक अडचणीला "मालकाला कारभार येत नाही" असं उत्तर दिलं जातं तेव्हा फार त्रास होतो. आमचे वडील-आजोबा मागाच्या आवाजावरून दोष सांगायचे.

उत्तर ४: अर्थशास्त्राची शिक्षिका, पुणे

मालेगावच्या दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो या अभ्यासाच्या आवाक्याबाहेरचा आहे. सुताचा भाव आणि पेमेंट यावर त्यांनी काही उपाय सांगितलेला नाही, सांगायचा दावाही नाही. कंपन्या थोड्या होत्या हेही खरंच. त्याची भरपाई त्यांनी दुसरीकडून केली: प्रत्येक कारखान्याचे आठवड्या-आठवड्याचे आकडे दीर्घकाळ गोळा केले आणि कमी नमुन्यासाठी वेगळ्या सांख्यिकी कसोट्या लावल्या. तरीही दहा मागांच्या घरगुती कारखान्याला १७ टक्के जसेच्या तसे लावणं चूक होईल, मी वर्गातही हे सांगते.

फक्त एक. साठा मोजणं तुमच्या अडचणीशी जोडलेलं आहे. त्या गिरण्यांत सुताचे ढीग होते, कुठलं सूत किती हे कुणाला माहीत नव्हतं, आणि जुनं पडलेलं असतानाही नवीन विकत घेतलं जात होतं. नंतर पडून राहिलेल्या सुताच्या रंगांची शेड कार्डं करून डिझाइन करणाऱ्यांकडे पाठवली, म्हणजे ते सूत नव्या मालात वापरता येईल. भाव सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा असतो तेव्हा आपल्या गोदामात नेमकं काय आहे हे माहीत असणाऱ्याचाच हात मोकळा असतो ना?

उत्तर ५: टॉवेलवाली, सोलापूर

दादा, मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. बाकीचे पहिल्याच प्रश्नावर बोलतायत, आणि मला वाटतं तुम्हाला खरं दुसरंच विचारायचं होतं.

माझे यजमान २०१५ मध्ये गेले. आमचे टेरी टॉवेलचे १६ माग. मुलगा तेव्हा आठवीत. तेराव्याला दीर म्हणाले, वहिनी, माग विकून टाका, बाईला कारखाना झेपत नाही. माझ्या मनात भीती होती ती कामाची नव्हती. मला भीती होती चोरीची. यजमानांना सगळं डोळ्यांनी कळायचं, बाचकं उचलून ते सांगायचे यात सुताचे दोन कोन कमी आहेत. मला कसं कळणार? घरचा पुरुष हवा म्हणतात तो याच कारणासाठी, की तो स्वतःच्या घरात चोरी करणार नाही.

मी एक वजनकाटा घेतला. बस. गोदामातून सूत जाताना वजन, टॉवेल तयार होऊन आला की वजन, आणि मागाखालची चिंधी, कांडीवर उरलेलं सूत, सगळं गोळा करून त्याचंही वजन. तिन्ही आकडे एका पानावर. पहिल्या महिन्यात ताळमेळ लागेना, शंभर किलोमागं सहा किलोचा फरक यायचा. मला वाटलं चोरीच. रात्र रात्र झोप नाही. मग आमच्या जुन्या दिवाणजींनीच सांगितलं, वहिनी, सूत दमट दिवसात जड भरतं आणि कांजी धुतल्यावर टॉवेल हलका होतो, तो हिशेब धरा. धरला, फरक दीड किलोवर आला. ज्या माणसावर मी महिनाभर मनातून संशय घेतला, त्यानंच मला हिशेब शिकवला. आज गोदामाची किल्ली त्यांच्याकडे असते आणि मी चार दिवस माहेरी जाऊन येते.

मॅडम सांगतील मी बरोबर समजले का, पण मला वाटतं त्या अभ्यासातही असंच काहीतरी झालं असणार. आकडे हातात आले की मालक बाहेरच्या माणसावर काम सोपवू शकतो. तुमच्या मुलींना पुरुषासारखं रात्री दोनला जाऊन उभं राहायची गरज नाही. पान खरं असलं की पुरतं. आणि थोरलीला विचारलंत का हो, तिला परत यायचंय का? तुमच्या सगळ्या लिहिण्यात ते कुठंच नाही.

उत्तर ६: अर्थशास्त्राची शिक्षिका, पुणे

ताई, अगदी बरोबर समजलात. आकडे मिळायला लागल्यावर त्या कंपन्यांत मालकांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे जास्त निर्णय सोपवले, असं त्यांना आढळलं होतं. तुमचा वजनकाटा मी पुढच्या वर्षी वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरते.

रेपियरवाला, इचलकरंजी (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. सोलापूरच्या ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता. दोन दिवस उत्तर लिहायचं धाडस झालं नाही, कारण खरंच मी विचारलं नव्हतं. येशील का असं विचारलं आणि ती नाही म्हणाली तर, आणि हो म्हणाली तर लोक काय म्हणतील, दोन्हीची भीती.

मास्तर, तुमचं बरोबर निघालं. बीम ठीक होता, पण डाव्या टेंपलची रिंग झिजलेली होती आणि फणीला शेवटून चौथ्या घरात काप पडला होता. बोटाला लागला. फणी बदलली. दंड नाही हे मी कागदावर लिहून दाराशी लावलंय, खाली सही केलीय. पहिले चार दिवस कुणी विश्वास ठेवला नाही. पाचव्या दिवशी रातपाळीच्या जॉबरनं स्वतःहून लिहिलं, "माग ११, माझी चूक, ड्रॉपर उलटा लावला, २५ मिनिटं." (ड्रॉपर म्हणजे धागा तुटला की माग थांबवणारी पत्ती.) मी सकाळी त्याला चहा दिला आणि काही बोललो नाही.

पान्यांसाठी प्लायवूडचा फळा केला, प्रत्येक पान्याची आकृती रंगवून. १९ चे दोन ठेवलेत.

७ नंबरवर आता पाळीला १६ ते १८ वेळा थांबतो. बाकीच्या २३ पैकी सहाच मागांवर मोजणी सुरू केलीय, एकदम सगळीकडे करणार नाही. मालेगावच्या भाऊ, तुमचंही पटलं, म्हणून मजुरीच्या मागांपासून सुरुवात केली, तिथं सूत आपलं नाही, जेवढं विणू तेवढी मजुरी.

मुलीला मी रविवारी विचारलं. वर गच्चीवर, धाकटी शेजारी होती. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाली, दीड वर्ष बाहेर नोकरी करीन, दुसऱ्याचा कारखाना बघीन, मग येईन, पण पगारावर येईन आणि माझं नाव भागीदारीच्या कागदावर हवं. धाकटी म्हणाली, माझंही. सोमवारी वकिलांकडून भागीदारीचा मसुदा मागवलाय. तोवर वही रोज रात्री साडेनऊला फोटो काढून पुण्याला जाते आणि ती लाल शाईनं खुणा करून पाठवते. काल ११ नंबरला गोल केलाय, खाली लिहिलंय: "परत ड्रॉपर?"

ते बघायला आत्ता खाली चाललोय.